चढाच्या गल्लीतला गरम झरा

अकराला पाच मिनिटं कमी होती. चढाच्या गल्लीत दगडी भिंतीसमोर अडीचशे माणसं उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी रिकामं होतं. बाटल्या, कॅन, बरण्या. एका आजोबांनी तर चक्क फुलदाणी आणली होती. घरात दुसरं काही मोकळं नव्हतं म्हणे.

भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर झरेबाबा बसले होते. पांढरा झगा, पांढरी दाढी, पायांत मात्र कोरे करकरीत स्पोर्ट्स शूज. तोंड चढाकडे आणि नजर वर आभाळात.

"शांत व्हा, बाळांनो. विज्ञान जिथे दमून खाली बसतं, तिथून पुढे हा झरा चालतो. या पाण्यात चौसष्ट ऊर्जा आहेत. चौसष्ट!"

त्रेसष्ट का नाहीत, असं मी विचारणार होतो. पण माझ्या पुढ्यातल्या बाई रडत होत्या, म्हणून गप्प बसलो.

"मी देणारा कोण? मी नुसती तोटी. पाणी वरच्याचं!" बाबांनी दोन्ही हात पसरले. डोळे अर्धे मिटले, पण नजर वरच. मग ओठ हलायला लागले. लोक कुजबुजले, मंत्र सुरू झाला. कुणी खोकलंसुद्धा नाही. बराच वेळ ते पुटपुटणं चाललं, आणि एकाएकी बाबा ओरडले, "आला!"

आणि खरंच आला हो! दोन दगडांच्या सांध्यातून आधी थेंब, मग धार. गरम. किंचित दुधाळ. आणि वास असा की जणू आत कुठे फुलांचा ताटवा फुललाय. भर उन्हाळ्यात, नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत, भिंतीतून गरम सुवासिक पाणी! मी असल्या गोष्टींना भुलणारा माणूस नाही, तरी क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

झऱ्याचं वेळापत्रकही पक्कं होतं. सकाळी अकरा, दुपारी चार. आठवड्यातून एक दिवस झरा येत नसे, त्या दिवशी त्याचा म्हणे उपवास असे. उपवास माणसं करतात, देव करतात का, हे विचारायची सोय नव्हती.

मी तिथे भक्त म्हणून गेलो नव्हतो. माझी ताई तिथे होती म्हणून गेलो होतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. उभं आयुष्य तिने शिवणयंत्राच्या पायट्यावर काढलं. तिला साखरेचा आजार, बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात जमिनीवर पडलेली टाचणी पायात रुतली आणि दोन दिवस तिला कळलंच नाही, कारण तळपाय बधिर झालेला. कळलं तेव्हा जखम चिघळली होती. आता ती भिंतीशी स्टुलावर बसून, बादलीत भरलेल्या त्या पाण्यात उजवा पाय घोट्यापर्यंत बुडवून होती.

"आग थांबली बघ," ती मला म्हणाली. तोंडावर इतका आनंद की मला बघवेना.

"ताई, तुला आग होतच नव्हती. तुला त्या पायाला काही लागतच नाही."

"तू लहानपणापासून असाच. कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही तुला," ती म्हणाली आणि तिने दुसरी बादली पुढे सरकवली.

तिची मुलगी, माझी भाची, वॉर्डातल्या दवाखान्यात नर्स आहे. आईची पट्टी रोज तीच बदलायची, पण आई त्या पट्टीसकट पाय झऱ्यात बुडवून यायची. त्या दुपारी भाचीने स्वयंपाकघरात पट्टी सोडली आणि मला हाक मारली. मी बत्तीस वर्षं गटारात काम केलंय, वासाचं मला काही वाटत नाही. त्या दिवशी मी खिडकीकडे तोंड केलं. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, हे असंच भिजत राहिलं तर आठवड्यात वर चढेल," भाची हळू आवाजात म्हणाली. आई पलीकडच्या खोलीत होती. "मग बोटांवर भागणार नाही मामा. पाऊल कापावं लागेल. आणि दवाखान्यात दाखल हो म्हटलं की म्हणते, झरा असताना सुरी कशाला? मामा, तू नाल्यातला माणूस ना? सांग ना मला, ते पाणी येतं कुठून?"

मी काय सांगणार? मी शहराच्या गटार खात्यात मुकादम. सांगतो तेवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल. रस्त्याखाली दोन वेगळी गटारं असतात. एक मैल्याचं. ते शुद्धीकरणाच्या कारखान्यात जातं. दुसरं पावसाळी. त्यात फक्त रस्त्यावरचं पावसाचं पाणी जायचं आणि ते तसंच्या तसं, न गाळता, नदीत. चढाच्या गल्लीतल्या त्या दगडी भिंतीमागून पावसाळी गटार जातं, हे मला झोपेतही ठाऊक होतं. पण भर उन्हाळ्यात पावसाळी गटार ठणठणीत कोरडं असायला हवं.

"तिथून गटार जातं, पण त्यात पाणी नाही," मी म्हटलं.

"बघितलंस?"

"नकाशा बघितला."

भाचीने नुसतं माझ्याकडे बघितलं. नाकाला मिरच्या झोंबल्या मला. दुसऱ्याच दिवशी मी लंबूला घेऊन निघालो. लंबू माझ्या टोळीतला. साडेसहा फुटांचा माणूस गटाराच्या कामाला कुणी घेतला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पहारीने आम्ही चढाच्या टोकावरचं झाकण उचललं. आतून वाफ तोंडावर आली, आणि तोच वास. फुलांचा.

खाली पाणी वाहत होतं, चांगलं हातभर. मी मान वर केली. समोरच मोठी धुलाई होती, शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी धुणारी. छपरावर वाफेचं उंच नळकांडं. आत जाऊन विचारलं तर तिथला मॅनेजर म्हणाला, "आमचं पाणी गटारात जातं साहेब, अगदी नियमाने."

"कुठल्या गटारात?"

"गटार म्हणजे गटार. जे जवळ होतं त्यात."

झालं. दवाखान्याच्या चादरींचं पाणी. रक्त, पू, सगळं त्यात. वरून कपड्यांना लावायचा सुगंध. सकाळचा मोठा धुवा, म्हणजे धुण्याचं पाणी, अकराच्या आधी सुटतो, दुपारचा चारच्या आधी. आठवड्याच्या सुट्टीला धुलाई बंद, म्हणजे झऱ्याला उपवास!

आमच्याकडे तपासणीचा रंग असतो. नारिंगी पूड, पाण्यात पडली की पोपटी हिरवी होते. निरुपद्रवी. कुठलं गटार कुठे निघतं ते शोधायला वापरतात. चारच्या धुव्याला मी मूठभर पूड आत टाकली आणि लंबूला खाली भिंतीजवळ पाठवलं. मनात म्हटलं, आता बघतो बाबाची मजा.

फोन वाजला. लंबू ओरडत होता, "मुकादम, हिरवं आलं! हिरवंगार!"

"मग लोक काय म्हणतायत?"

"नाचतायत."

मी धावत उतरलो. बाबा खुर्चीवर उभे राहिले होते. "सृष्टीचा रंग! बाळांनो, पासष्टावी ऊर्जा प्रकटली!" गर्दी दुप्पट झाली होती. माणसं हिरवं पाणी डोळ्यांना लावत होती. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो की रंग मी टाकलाय, मी! एका पोक्त गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "तुम्ही निमित्त हो. टाकायची बुद्धी तुम्हाला कुणी दिली?" आणि त्या सगळ्यांत ताई, दोन्ही हातांत हिरवे कॅन घेऊन मला म्हणाली, "आता मी दोन वेळा पाय बुडवणार!"

डोक्याला हात लावून मी पायरीवर बसलो. भाची ड्युटी संपवून आली आणि माझ्यावर जी तुटून पडली!

"झाल्यावर कशाला सांगतोस? झाल्यावर तर तो बाबाही सांगतो! आधी सांगायचं होतंस, अमुक वाजता अमुक रंग येणार म्हणून. आम्ही औषध आधी कागदावर लिहितो, मग देतो. दिल्यावर पेशंट बरा झाला की मग 'हेच औषध होतं' असं म्हणत नाही."

तिचं बरोबर होतं. पण मला दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. धुलाईचं पाणी पावसाळी गटारात कैक वर्षं येत असणार. मग आजवर ते भिंतीतून का नाही आलं? ते सरळ उताराने नदीत जायला हवं. मी आणि लंबू गल्लीच्या खालच्या टोकाला गेलो आणि तिथलं झाकण काढलं.

खाली कोरडं. थेंब नाही. कोळ्यांची जाळी.

म्हणजे वर पाणी, खाली ठणठणाट, आणि मधे काहीतरी अडलेलं. काय अडलंय ते मला त्याच क्षणी कळलं. मी झाकणाच्या कडेवरच बसलो.

मागच्या वर्षी पुरात खालच्या वस्तीत कमरेइतकं पाणी शिरलं होतं, कारण तिथला पावसाळी गटाराचा नळ खचला होता. या उन्हाळ्यात आम्ही तो दुरुस्त केला. काम कोरड्यात करता यावं म्हणून वर, गटाराच्या आत, विटांची आडभिंत बांधली. आमच्यात हा नेहमीचा रिवाज. काम संपलं की ती फोडायची. दोन महिन्यांपूर्वी काम संपलं. कागद आला, 'आडभिंत काढली, गटार मोकळे'. मी लंबूला विचारलं होतं, "काढली ना रे?" लंबू म्हणाला होता, "दुसऱ्या पाळीने काढली असेल." आणि मी सही ठोकली होती.

"मुकादम," लंबू आता म्हणाला, "आत्ता उतरून गुपचूप फोडू या की. झरा बंद, बाबा बंद, कुणाला कळायचंही नाही."

मोह झाला. माझी निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती. बत्तीस वर्षांत एक ठपका नाही. पण मी डोळ्यांसमोर आणलं, झरा आटलाय आणि बाबा म्हणतायत, तुमच्या पापांनी आटला, अश्रद्ध लोकांनी विटाळला. ताईला वाटेल, माझ्या भावामुळेच गेला. दवाखान्याची पायरी मग ती चढायची नाही. तो बाबा जिथे जाईल तिथे, असल्याच दुसऱ्या पाण्यात पाय घालायला जाईल. नुसती भिंत फोडून तिचा पाय वाचणार नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं, सगळं.

"उद्या अकराला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भाचीने रजा टाकली आणि ती धुलाईपाशी झाकणाजवळ उभी राहिली. लंबू खालच्या झाकणातून आत उतरलेला, आडभिंतीच्या कोरड्या बाजूला. मी ताईच्या स्टुलाशेजारी. अकराला दहा कमी असताना मी आवाज चढवला.

"ऐका हो! मी गटार खात्याचा मुकादम. कालचा हिरवा रंग मी टाकला होता. पटलं नाही तुम्हाला, ठीक. आज आधी सांगतो. माझ्याकडे दोन रंग आहेत, हिरवा आणि लाल. कुठला यायचा ते माझी ही बहीण सांगेल. ती बाबांचीच भक्त आहे. ताई, सांग."

"मी कशाला सांगू?" ताई कुरकुरली.

"सांगा ना बाई," गर्दीतूनच कुणीतरी म्हणालं. लोकांना गंमत वाटायला लागली होती.

"लाल," ताई म्हणाली. मी फोनवर भाचीला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

बाबा हसले. "परमशक्तीची परीक्षा घेऊ नये, बाळा."

"परीक्षा तिची नाही बाबा, तुमची. तुम्ही रोज झरा यायची वेळ सांगता. आज खुर्ची फिरवून बसा. पाठ चढाकडे. आणि सांगा."

बाबांचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "माझी दिशा ठरलेली आहे."

"का बरं? शक्ती एकाच दिशेने येते?" फुलदाणीवाले आजोबा म्हणाले, आणि तीन-चार जण हसले.

"मी सांगतो का ते," मी म्हटलं. "सगळ्यांनी बाबा बघतात तिकडे बघा. आभाळाच्या जरा खाली. छपरावर नळकांडं दिसतंय? धुवा सुटायच्या वेळी त्यातून वाफ येते. तिथून इथवर पाणी यायला चार मिनिटं लागतात, काल रंग टाकून मी मोजलीत. बाबांचा मंत्र म्हणजे एक ते दोनशे चाळीस आकडे. चला, आज आपण मोजू."

वाफ आली. सगळ्या गल्लीने बघितली. एका बाईंनी मोजायला सुरुवात केली, मग दोघांनी, मग सगळ्यांनी. मी आयुष्यात इतका मोठा मंत्र ऐकला नाही. दोनशे बत्तीसला भिंत पाझरली, दोनशे चाळीसला धार लागली. लाल. ताईच्या बादलीत, ताईने सांगितलेला रंग.

कुणी नाचलं नाही.

"हे दवाखान्याच्या चादरींचं पाणी आहे," मी म्हटलं. "रक्तामांसाच्या डागांचं. वास साबणवाल्यांच्या सुगंधाचा."

मागे कुणाला तरी ओकारी झाली. परवा माझ्यापुढे रडणाऱ्या बाई पुढे आल्या. "मी हे माझ्या बाळाला पाजलं. महिनाभर. त्याचे जुलाब थांबतच नाहीयेत." मी खाली बघितलं.

लोक बाबांकडे वळले. बाबा नऊ वर्षं त्याच धुलाईत पहारेकरी होते, हे मला मॅनेजरने आदल्या दिवशी सांगितलं होतं, ते मी लोकांना सांगितलं. पण माणूस चलाख. "मी कधी म्हटलं बरे व्हाल?" तो म्हणाला. "तुम्हीच म्हणत आलात. आणि या मुकादमाला विचारा, धुलाई वीस वर्षांची आहे. मग झरा आत्ताच का आला? सांग ना! काहीतरी दैवी असेलच की नाही?"

गल्ली माझ्याकडे बघायला लागली. ताईसुद्धा. तिच्या डोळ्यांत अजून थोडी आशा होती आणि तीच मला जास्त लागली.

"सांगतो," मी म्हटलं. "भिंतीमागच्या गटारात विटांची आडभिंत आहे. माझ्या टोळीने बांधली. दुरुस्ती झाल्यावर काढायची होती, काढली नाही. काढली म्हणून कागदावर सही आहे, ती माझी. पाणी तिथे तुंबलं आणि इथून फुटलं. दैवी काही नाही. ती राहिली असती तर पावसाळ्यात तुमच्या घरांत पाणी शिरलं असतं."

लाल पाण्याचा एक अख्खा कॅन माझ्या तोंडावर आला. कुणी फेकला ते मी बघितलं नाही. बाबाला कुणी हात लावला नाही, सगळा राग माझ्यावर निघाला, आणि तो अगदीच चुकीचा होता असं मला म्हणवत नाही. मी तोंड पुसलं आणि फोनवर लंबूला म्हटलं, "फोड."

पहारीचे घाव दगडांतून ऐकू येत होते. सहा, सात, आठ. मग आत कुठेतरी काहीतरी ढासळलं, खळखळाट उताराने खाली गेला, आणि आमच्यासमोरची धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. लोकांनी बाटल्या जागेवरच ओतल्या आणि पांगले. त्या गडबडीत बाबा कधी सटकला ते कळलं नाही, खुर्ची तेवढी मागे राहिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. धुलाईला नोटीस गेली, तिचा नळ मैल्याच्या गटाराला जोडला. एक गोष्ट मला आजही टोचते. मी आडभिंत विसरलो नसतो तर ते पाणी गुपचूप नदीत जातच राहिलं असतं आणि गेल्या वीस वर्षांसारखं कुणालाच कळलं नसतं. माझ्यावर ठपका आला, तो मी घेतला. बाळाचे जुलाब दवाखान्यात औषधाने थांबले, ते कळल्यावर मी पहिल्यांदा नीट जेवलो.

ताई त्याच दुपारी दाखल झाली. दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आधी आल्या असत्या तर कदाचित काहीच काढावं लागलं नसतं. पाऊल वाचलं. यंत्राचा पायटा पुन्हा जमेल की नाही, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा ती पायावरच्या चादरीकडे बघत पडली होती.

"तो बाबा लबाड होता," ती म्हणाली. "मी मूर्ख. ते असू दे. पण तू तर शहाणा ना रे? झाकणापासून खाली उतरायला किती पायऱ्या आहेत?"

"चौदा."

"चौदा," ती म्हणाली. "मी कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला. तू कशावर ठेवलास?"

"लंबूच्या एका 'असेल'वर," मी म्हटलं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. झगा घातलेला माणूस सांगो, खुर्चीवरचा साहेब सांगो, की शिक्का मारलेला कागद सांगो, 'कशावरून?' असं विचारा. उत्तर आलं नाही तर स्वतः उतरून बघा. जो उतरू देत नाही, त्याच्यापासून चार हात लांब राहा. आणि सही करायची वेळ तुमची असेल, तर आधी उतरा. त्या चौदा पायऱ्यांची किंमत माझ्या ताईच्या पायाने दिली आहे.